मातीतील औषध आणि श्रेयाचा न्याय

इतिहास शिकविताना आम्ही युद्धे, तह आणि सनावळ्या सांगतो. परंतु ज्या शोधांनी मनुष्याचे आयुष्य वाढविले, त्यांचाही इतिहास असतो. क्षयरोगावरील पहिल्या प्रभावी औषधाचा, स्ट्रेप्टोमायसिनचा, इतिहास असाच बोधप्रद आहे.

पहिल्या पावसाचा मृद्गंध बहुतांशी ज्यांच्यामुळे येतो, ते स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू मातीत राहतात. त्यांतील काही जीवाणू इतर जंतूंची वाढ रोखणारी द्रव्ये तयार करतात. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांनी अशा द्रव्यांचा पद्धतशीर शोध आरंभिला. मातीतील जीवाणू बशीत वेगळे वाढवावयाचे, शेजारी रोगजंतू पेरावयाचे आणि कोणाभोवती त्यांची वाढ थांबते ते पाहावयाचे, अशी ती पद्धत होती. १९४३ मध्ये त्यांचे २३ वर्षांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांना खत घातलेल्या शेतजमिनीत असा एक जीवाणू सापडला. ज्या क्षयजंतूपुढे पेनिसिलीन निष्प्रभ होते, त्यावर शॅट्झ यांनी तळघरातील प्रयोगशाळेत जोखीम पत्करून प्रयोग केले.

१९४४ च्या शोधनिबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वॅक्समन अशी तीन नावे होती. एकस्वावर बुगी यांचे नाव आले नाही. शॅट्झ यांना १९५० मध्ये न्यायालयात जावे लागले. तडजोडीत त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. तरीही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना दिले गेले. गुरूचे ऋण मान्य करूनही शिष्य आपला हक्क मागू शकतो, आणि त्या वेळी लिखित नोंदच त्याच्या बाजूने उभी राहते, हा धडा अंगठा कापून देण्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाने विसरू नये.

दुसरा धडा औषधाचा आहे. स्ट्रेप्टोमायसिन एकटेच दिले असता क्षयजंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून आज अनेक औषधे एकत्र, कित्येक महिने द्यावी लागतात. दाट वस्तीत व अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्यांना हा रोग अधिक गाठतो. बरे वाटू लागताच गोळ्या सोडणे, किंवा लाजेपोटी आजार लपविणे, घातक ठरते. सरकारी दवाखान्यात हे उपचार विनामूल्य मिळतात.

‘या आणि पाहा’ असे धम्म सांगतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हीच दृष्टी आपल्या वस्तीत न्यावी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर अंगारा नव्हे, थुंकीची तपासणी करावी.