गावच्या फुलांचा संग्रह

भाद्रपदात गौरी येतात त्या वेळी कित्येक घरी तेरड्याची रोपे पूजिली जातात. कळलावीच्या तांबड्या-पिवळ्या फुलांनाही 'गौरीचे हात' म्हणतात. यांपैकी कळलावीचा कंद विषारी. गावच्या नोंदीत नुसते 'गौरीचे फूल' लिहिले, तर ते कोणते हे पुढील पिढीस कसे कळावे? अशा वेळी कागदावर वाळवून डकविलेला नमुनाच साक्ष देतो. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक-जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. शाळेने जमविलेला असा संग्रह तिला मोठाच आधार ठरेल.

साधने घरचीच. जुनी वर्तमानपत्रे, दोन फळ्या आणि वर ठेवावयास चार विटा. गुळगुळीत रंगीत कागद नको; तो ओल शोषीत नाही. दव उडाल्यावर नुकतीच उमललेली फुले पानांसह घ्यावीत. मांडताना एखादे पान उलटे ठेवावे, कारण त्याची मागची बाजूही ओळखीस लागते. झेंडूसारख्या जाड फुलाचे उभे दोन भाग करावेत.

खरी मेख कागद बदलण्यात आहे. पहिले काही दिवस तो रोज बदलावा. कोकणातल्या पावसाळ्यात दिवसातून दोनदा, तोही चुलीच्या उबेला सुकवून. येथे आळस झाला की बुरशी आलीच. लवकर वाळलेल्या फुलाचा रंग अधिक टिकतो. तरीही निळा-जांभळा रंग बहुधा उतरतो. म्हणून मूळ रंग त्याच दिवशी लिहून ठेवावा.

वाळलेला नमुना सुमारे ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर डकवावा व उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावावी. तीत स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, झाड की वेल, उंची व रंग यांची नोंद हवी. चिठ्ठीवाचून तो नमुना म्हणजे नुसती भिंतीवरची शोभा!

किडीपासून रक्षणासाठी पूर्वी संग्रहालयांत पाऱ्याचे विषारी क्षार वापरीत. घरी वा शाळेत त्यांचे नावही काढू नये. पूर्ण वाळलेले नमुने घट्ट पिशवीत बांधून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवावेत.

कासच्या पठारावर फुले तोडण्यास मनाई आहे. इतरत्रही एखादेच झाड दिसल्यास छायाचित्रावर भागवावे. कंद तर उपटूच नये. नाव न जुळल्यास वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नमुना दाखवावा. मात्र फूल, पान आणि चिठ्ठी ही तिन्ही सोबत असावीत.