तिकीट सोलू नका!

प्रश्न : आजोबांच्या पेटीत पंचम जॉर्जचं चॉकलेटी एक आण्याचं तिकीट लावलेली यवतमाळची पाकिटं सापडली. किंमत येईल का? – एक वाचक, दारव्हा

उत्तर : हे तिकीट भरपूर छापलं गेलं, सुटं असेल तर मोल किरकोळच. पाकिटासकट मात्र ते जास्त मोलाचं, म्हणून भिजवून काढू नका. शिक्क्यावर इंग्रजीत ‘येओटमल’ असं जुनं स्पेलिंग दिसेल, तारीखही वाचा. 1926 पूर्वीची तिकिटं लंडनच्या छपाईची, नंतरची नाशिकची. सुट्या तिकिटाची पाठ उजेडात धरा : जलचिन्हात एकच तारा असेल तर लंडन, अनेक तारे असतील तर नाशिक. छोट्या गावाचा स्पष्ट, पूर्ण उमटलेला शिक्का असेल, तर संग्राहक त्याला शहराच्या शिक्क्यापेक्षा जास्त भाव देतात.