काचेपलीकडचे जग

बार्शी हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. सोलापूर जिल्ह्याच्या या भागात पाऊस बेताचाच. उन्हाळ्यात तर पारा चाळीस अंशांच्याही वर चढतो. अशा कोरड्या मुलखातील मुलांना मासे जवळून पाहावयास मिळतात ते बहुधा घरातील काचेच्या टाकीत. सायंकाळी टाकीवरचा दिवा लागला, की पाणवनस्पतींच्या आडून सोनेरी, रुपेरी मासे डौलाने बाहेर येतात आणि ते दृश्य टिपून ठेवण्याचा मोह पाहणाऱ्याला होतो.

असे समजा, की बार्शीतील एका मुलाला असाच मोह झाला. वडिलांचा मोबाइल घेऊन तो टाकीसमोर उभा राहिला आणि त्याने छायाचित्र घेतले. पाहतो तो काय! मधोमध पांढरा लख्ख डाग, एका बाजूला त्याचाच सदरा, दुसऱ्या बाजूला खोलीची खिडकी, आणि माशाच्या जागी नुसता सोनेरी फराटा! मुलगा हिरमुसला. आजोबांनी मात्र ते चित्र लक्षपूर्वक पाहिले. ते म्हणाले, "बाळ, यात कॅमेऱ्याचा दोष नाही. जे समोर होते, तेच त्याने दाखविले. एकेका दोषाचे कारण शोध, म्हणजे उपाय आपोआप सापडेल."

पहिला दोष प्रतिबिंबांचा. खोलीत उजेड असला, की टाकीची काच आरशाचे काम करते. म्हणून खोलीतील दिवे मालवावे, पडदे ओढावे आणि केवळ टाकीवरचा दिवा चालू ठेवावा. भिंग काचेच्या अगदी जवळ नेले व अंगात गडद कपडे असले, म्हणजे उरलीसुरली प्रतिबिंबेही नाहीशी होतात.

दुसरा दोष पांढऱ्या डागाचा. फ्लॅशचा प्रकाश काचेवर सरळ पडला, की सरळच परत फिरतो व भिंगात शिरतो. यास्तव कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंदच ठेवावा. माशांना पापण्या नसतात; डोळ्यांवर अकस्मात पडणारा झगझगाट त्यांना टाळता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. अधिक उजेड हवा असल्यास तो वरून द्यावा.

तिसरा दोष फराट्याचा. शटर उघडे असेपर्यंत मासा पुढे सरकला, तर त्याचे चित्र पुसट येते. चपळ माशासाठी शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापेक्षा अधिक काळ उघडे राहू नये. शिवाय माशाच्या मागे कॅमेरा धावविण्यात अर्थ नाही. मासे बहुधा ठरावीक वाटांनी फिरतात. त्यांतील एक जागा निवडावी, तिच्यावर भिंग नेमके साधून ठेवावे आणि वाट पाहावी. माशाचा डोळा स्पष्ट आला, म्हणजे सारे चित्र जिवंत वाटते.

आणखी एक गोष्ट. पाण्यातून काचेत व काचेतून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात. कॅमेरा तिरका धरला, तर माशाच्या कडा अस्पष्ट होतात व त्यांवर रंगांच्या रेघा दिसतात. म्हणून कॅमेरा काचेला काटकोनात आणि माशाच्या उंचीवर धरावा. काच आतून-बाहेरून आदल्या दिवशीच पुसावी, म्हणजे ढवळलेला गाळ खाली बसण्यास अवधी मिळतो.

मुलाने हे सारे मनात ठसविले. एप्रिलमधील एका दुपारी तो सर्व तयारीनिशी बसला. टाकीवरचा दिवा बराच वेळ जळत होता. एकाएकी सर्व मासे पाण्याच्या पृष्ठभागी आले आणि तोंडे उघडू-मिटू लागले. मुलगा हर्षाने ओरडला, "आजोबा, पाहा! मासे आपणहून वर आले. आता किती छान चित्र येईल!"

आजोबा लगबगीने उठले. "अरे, कॅमेरा खाली ठेव! ते खेळत नाहीत. त्यांचा जीव गुदमरतो आहे."

त्यांनी दिवा मालविला आणि हवेचा पंप जोराने चालू केला. साठवून ठेवलेले, क्लोरीन निघून गेलेले पाणी त्यांनी थोडे थोडे टाकीत घातले. हळूहळू मासे खाली गेले. मग त्यांनी कारण सांगितले. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. बार्शीचा उन्हाळा आणि त्यात दिव्याची उष्णता! मुलाने मान खाली घातली. त्या दिवशी त्याने एकही चित्र घेतले नाही.

पुढे काही दिवस तो रोज पहाटे, गारव्याच्या वेळी, टाकीपाशी नुसता बसू लागला. काचेवर टिचकी मारणेही त्याने सोडले. कारण पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशांना पाण्यातील बारीकशी कंपनेही जाणवतात. मासे त्याला सरावले. आठव्या दिवशी एक सोनेरी मासा काचेजवळ येऊन स्थिरावला आणि मुलाने हलकेच कळ दाबली. डोळा, कल्ले, खवल्यांची ओळन् ओळ चित्रात स्वच्छ उमटली होती.

"आजोबा, आता टाकीत प्रवाळ आणू या का?" त्याने उत्साहाने विचारले.

"नाही, बाळ. प्रवाळ ही दगडी शोभेची वस्तू नव्हे. तो चिमुकल्या प्राण्यांचा संसार आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून प्रवाळांना कडक संरक्षण दिले आहे. ते घरी आणावयाचे नाहीत. त्यांच्या घरी जाऊन पाहावयाचे. मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य झाला. तेथे प्रवाळ आहेत."

"मग तेथेही असेच चित्र घेता येईल?"

"तेथे आणखी शिकावे लागेल. खोल पाण्यात प्रथम तांबडा रंग लोपतो आणि सारे निळसर दिसू लागते. १९२६ साली अमेरिकेत पाण्याखालील माशांची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली गेली, तेव्हा उजेडासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती."

मुलाने सोनेरी माशाचे ते चित्र आजोबांच्या हाती दिले. आजोबांनी आधी चित्राकडे, मग टाकीकडे पाहिले. मासा संथपणे पोहत होता. "चित्र उत्तम आहे," ते म्हणाले, "आणि मासाही सुखात आहे."

अभ्यास
१. मुलाच्या पहिल्या छायाचित्रात कोणकोणते दोष होते? प्रत्येकाचे कारण सांगा.
२. मासे पाण्याच्या पृष्ठभागी का आले? आजोबांनी कोणते उपाय केले?
३. 'त्या दिवशी त्याने एकही चित्र घेतले नाही.' का, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, मनात ठसविणे, मान खाली घालणे.