आशाताई तिसऱ्या दिवशी का येते?

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की गावातली आशाताई, म्हणजे आशा आरोग्य कार्यकर्ती, येते. तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करते, ताप बघते, अंगावर पाजताना काही अडचण येते का ते विचारते. या फेऱ्यांमागे गडचिरोलीत झालेलं संशोधन आहे. ‘समाजशास्त्र, संख्याशास्त्र घेऊन मुलगी पुढे करणार काय?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी हीच गोष्ट सांगतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत नेहमीची आरोग्यसेवाच होती. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे नोंदवले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर नेली. मध्ये बारा वर्षं गेली. सामाजिक संशोधनाच्या क्षेत्रात येणाऱ्याने हा आकडा नीट लक्षात ठेवावा.

याआधी न्यूमोनियावर काम करताना एक वेगळीच अडचण आली होती. आजारी बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे, पण अनेक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ असं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, की उपचार सुरू. संशोधक कसा असावा, हे मला या मण्यांत दिसतं. समोरच्या बाईला काय येत नाही यावर तो अडून बसत नाही, तिला जे येतं तिथून सुरुवात करतो.

शिक्षणाची वाट अवघड नाही. बारावी कोणत्याही शाखेतून चालेल, पण गणित सोडू नका. पदवीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र घ्या. पुढे देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच पाहते. मुंबईतच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा १९७१ चा गाजलेला अभ्यास तिथलाच. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा.

पालकांनो, पगाराबद्दल स्पष्टच बोलतो. सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या भाच्याशी तुलना केलीत तर वाईट वाटेल. प्रकल्पावरच्या नेमणुका बहुधा ठरावीक मुदतीच्या असतात. पण सर्वेक्षण आखणं, आकडेवारी तपासणं आणि सरकारी अधिकाऱ्याला समजेल असं दोन पानांत लिहिणं, ही तिन्ही कामं ज्याला येतात त्याची गरज शासनाला, स्वयंसेवी संस्थांना आणि विद्यापीठांनाही असते. लिहिण्याकडे मुलं दुर्लक्ष करतात आणि तिथेच मागे पडतात.

मुलांनो, निर्णय घेण्याआधी या सुट्टीत आपल्या भागातल्या आशाताईला भेटा. ती कोणकोणत्या नोंदी ठेवते, त्यांत काय राहून जातं आणि का, एवढंच विचारा. ऐकताना तास कसा गेला ते कळलं नाही, तर खुशाल या वाटेला या.