सेंट जेनेव्हीव्ह : पूर, मळी आणि मेढींची घरे

तुम्ही सेंट लुईसच्या आसपास राहत असाल, तर एखाद्या शनिवारी गाडीने साधारण १०० किलोमीटर दक्षिणेला सेंट जेनेव्हीव्हला जा. मिसिसिपीच्या पश्चिमेचे हे गाव फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या मध्यास वसवले. आज त्याचा काही भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

मूळ गाव नदीलगतच्या सखल जमिनीवर होते. १७८५ च्या महापुरानंतर लोक हळूहळू उंचावर सरकले. शेते मात्र तिथेच राहिली, कारण घर बुडवणारा पूरच शेतात सुपीक गाळ आणून टाकतो. कृष्णाकाठची मळीची वांगी खाल्लेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ‘ग्राँ शाँ’ म्हणजे ‘मोठे शेत’ लांब, अरुंद पट्ट्यांत वाटलेले होते. तिथे आजही पिके उभी असतात.

आता घरे पाहा. इथल्या भिंतींचे ओंडके आडवे नसून उभे आहेत. काही घरांत या मेढी थेट जमिनीत रोवल्या आहेत. फ्रेंचमध्ये या पद्धतीला ‘पोतो-आँ-तेर’ म्हणतात. मग त्या कुजल्या कशा नाहीत? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. खोल मातीत ऑक्सिजन कमी, वर हवेत ओलावा कमी. म्हणून खरा धोका जमिनीच्या पातळीला असतो. १७९२ च्या सुमाराच्या अमुरू घरात यावर उपाय होता लाल सीडरचा. हे झाड खरे तर जुनिपर कुळातले. त्याच्या गाभ्यातील सुवासिक तेले बुरशीला आणि किड्यांना दूर ठेवतात. बोल्डुक घरात वेगळी युक्ती आहे : मेढी दगडी पायावरच्या तुळईवर उभ्या, म्हणजे मातीशी संबंधच नाही. भोवतालची रुंद ओसरी भिंतींवर पाऊस येऊ देत नाही.

ही सुबत्ता कोणाच्या श्रमांवर उभी होती, हेही विसरू नका. इथल्या शेतांत गुलाम राबत. अमुरू घरात पुढे राहिलेल्या पेलाजी अमुरू स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेल्या होत्या.

या घरासमोरच ग्राँ शाँ पसरले आहे. तिथे उभे राहून आधी मेढीचा जमिनीलगतचा भाग पाहा, मग समोरची सपाट शेते. पाण्यापासून काय वाचवायचे आणि पाण्याकडून काय घ्यायचे, हा हिशेब तिथे एका नजरेत दिसतो.