फवारणीचा ड्रोन : गुण, दोष व हिशेब

नव्या यंत्राची नुसती स्तुति करणें किंवा नुसती थट्टा करणें, या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या उपयोगाच्या नाहींत. यंत्र कोणतें काम करतें, तें कसें करतें आणि तें आपल्याला परवडतें काय, असे तीन प्रश्न विचारून जो पुढें जातो तो सहसा फसत नाहीं. प्रस्तुत पाठांत आम्ही हे तीन प्रश्न फवारणीच्या ड्रोनला लावून पाहणार आहों.

प्रथम गरज पाहूं. पाठीवरच्या पंपानें औषध मारणारा मनुष्य आपणच उडविलेल्या तुषारांतून चालत असतो. कपाशी छातीइतकी वाढली म्हणजे त्याचे कपडे भिजतात व औषध कातडीवाटे अंगांत शिरतें. सन 2017 च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या वेळीं विषबाधा होऊन वीस किंवा त्याहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों आजारी पडले. म्हणून फवारणारा मनुष्य तुषारांच्या बाहेर उभा राहील अशी युक्ति निघणें अगत्याचें होतें. भातशेतीसाठीं जपानांत यामाहा कंपनीनें 1987 च्या सुमारास माणसावांचून उडणारें लहान हेलिकॉप्टर तयार केलें. आजचा ड्रोन हा त्याच कल्पनेचा पुढील टप्पा होय.

आतां यंत्राची रचना. चार, सहा किंवा आठ पंखे, त्यांना फिरविणारी बॅटरी, साधारण दहा लिटरची टांकी व खालीं तुषार सोडणाऱ्या नळ्या, एवढाच त्याचा पसारा. पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटर उंचीवरून तो उडतो, आणि पंख्यांचा वारा तुषारांना खालीं रेटतो. एक एकर साधारण दहा मिनिटांत पुरा होतो. बॅटरीहि एका भरणीवर दहा ते वीस मिनिटेंच टिकते, म्हणून जोडीला भरलेल्या बॅटऱ्या ठेवाव्या लागतात.

पाठीवरच्या पंपाला एकरीं सुमारें 200 लिटर पाणी लागतें, तेथें ड्रोन दहा लिटरांत काम उरकतो. हें कसें साधतें? थेंबाचा व्यास निम्मा केला कीं तेवढ्याच पाण्याचे आठपट थेंब होतात. थेंब बारीक करून थोडें पाणी पुष्कळ पानांवर पसरणें, हेंच या यंत्राचें मर्म आहे.

परंतु येथेंच एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पाणी कमी झालें तरी एकरीं लागणाऱ्या औषधाचें प्रमाण त्याच मानानें कमी होत नाहीं. समजा, एकरीं 200 मिलिलिटर औषध सांगितलें आहे. पंपाच्या पाण्यांत तें लिटरला 1 मिलिलिटर पडतें. ड्रोनच्या टांकींत 20 पडतें. म्हणजे द्रावण वीसपट तीव्र झालें. तात्पर्य, धोका नाहींसा झाला नाहीं. तो फवारणाऱ्याच्या पाठीवरून मिश्रण करणाऱ्याच्या हातांत आला. हातमोजे, चष्मा, तोंडावरील पट्टी व पूर्ण बाह्यांचा अंगरखा यांवांचून कोणीहि मिश्रणाला हात लावूं नये, आणि हें काम घरांतील मुलांवर तर कधींहि सोंपवूं नये.

दुसरा दोष वाऱ्याचा. बारीक थेंब वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतांत जातो. उंसांतील रुंद पानांच्या तणांसाठीं 2,4-डी हें तणनाशक वापरतात. त्याच्या अल्पशा वाफाऱ्यानेंहि कपाशी व द्राक्षवेल यांचीं पानें आकसून वेडींवांकडीं होतात. ज्याच्या बांधाला अशीं पिकें आहेत त्यानें ड्रोननें तणनाशक मारूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. भर दुपारीं थेंब वाटेंतच सुकतात, आणि फुलोऱ्यांत मधमाशा फिरत असतां मारलेलें औषध परागीभवनाचें नुकसान करतें. करितां वारा मंद असतां सकाळची किंवा सायंकाळची वेळ धरावी व जवळपासच्या मधपेट्यांच्या मालकांस आधीं कळवावें.

तिसरा दोष पोहोंचेचा. पांढरी माशी व कोळी पानांच्या खालच्या बाजूस राहतात. दाट पिकांत वरून पडणारा थेंब तेथवर जाईलच असें नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. थेंब पडतांच पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. त्याच्या पट्ट्या झाडाच्या शेंड्याला, मध्यावर व बुडाशीं लावाव्या, पानांच्या खालच्या अंगासहि कांहीं लावाव्या आणि टांकींत नुसतें पाणी भरून एक फेरी मारावी. बुडाची पट्टी पिवळीच राहिली, तर उंची किंवा वेग बदलून पुन्हां पाहावें; तरीहि फरक न पडल्यास त्या पिकाला हें यंत्र योग्य नाहीं असें समजावें.

कायद्याचीहि माहिती असावी. ड्रोन नियम, 2021 प्रमाणें अशा यंत्राची नोंदणी करावी लागते व चालविणाऱ्याजवळ प्रमाणपत्र लागतें. त्यासाठीं वय 18 ते 65 व दहावी उत्तीर्ण अशी अट नियमांत घातलेली आहे. विमानतळाजवळील क्षेत्रांत परवानगी लागते. औषधहि ड्रोनसाठीं मान्य झालेलेंच वापरावें.

शेवटीं हिशेब. ड्रोन, बॅटऱ्या व इतर सरंजाम मिळून 10 लाख रुपये धरूं व त्याचें आयुष्य पांच वर्षें मानूं; म्हणजे वर्षाला 2 लाख रुपये नुसती झीज. दहा एकरांचा धनी वर्षांत सहा फवारण्या करील तर 60 एकर होतात, व एकरीं झीजच 3,333 रुपये बसते. तेंच यंत्र गांवानें मिळून 2,000 एकरांवर फिरविलें तर ती 100 रुपयांवर येते. व्याज, दुरुस्ती व चालकाचा पगार अजून निराळा. केंद्र सरकारनें 2023 मध्यें 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तींत किंमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें होतें. ती एकट्या धन्यासाठीं नसून गटांसाठीं होती, यांतील मर्म वरील आंकड्यांवरून ध्यानांत येईल.

सारांश, ड्रोन विकत घेण्यापेक्षां तो भाड्यानें किंवा संस्थेमार्फत आणवावा. आणवण्यापूर्वीं वारा, शेजारचें पीक व औषधाची मान्यता पाहावी. आणि मिश्रण करणाऱ्या मनुष्याच्या जिवाची काळजी सर्वांत आधीं घ्यावी. एवढें पथ्य संभाळल्यास हें यंत्र शेतकऱ्याचा चांगला चाकर ठरेल.