एल्कच्या मोसमातली थंडी: कुंडल-पलूसकडून रॉकी पर्वताकडे येणाऱ्यांसाठी

कुंडल, पलूस, कडेगाव, विटा या पट्ट्यातून कोलोरॅडो, मोंटाना किंवा कॅनडातल्या आल्बर्टात नव्यानं आलेल्यांसाठी हे टिपण आहे. इथं अनेक हिवाळे काढलेल्या मराठी घरांमध्ये जे वारंवार सांगितलं जातं, ते एकत्र केलं आहे. नोव्हेंबर लागला की कामावरचा एखादा सहकारी एल्कच्या शिकारीला बरोबर बोलावतो. कुणी जातं, कुणी फक्त प्राणी पाहायला जातं, कुणी मांस खात नसूनही डोंगराच्या ओढीनं जातं. कारण कोणतंही असो, थंडी सगळ्यांना सारखीच भेटते.

मोसम उशिराचा का आणि अवघड का

हरणांची आपली ओळख सागरेश्वरच्या अभयारण्यातली. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या त्या जंगलातलं सांबर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी त्याहूनही थोराड प्राणी डोळ्यांसमोर आणावा. रॉकी पर्वतातला एल्कचा पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० किलोचा असतो. उन्हाळ्यात हे कळप उंच कुरणांवर असतात. वर बर्फ साचला की चाऱ्यासाठी खालच्या उतारांवर येतात. म्हणून अनुभवी शिकारी बर्फ पडण्याची वाट पाहतात. उशिराच्या मोसमात जायचं म्हणजे मुद्दाम वाईट हवामानात जायचं, हे आधी मनाशी पक्कं करा.

सांगलीची उंची सुमारे ५५० मीटर. डेन्व्हर शहरच १६०० मीटरवर आहे आणि एल्कचे डोंगर अडीच-तीन हजार मीटरच्या घरात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा मिसळतो. पारा उणे २० वर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं, आणि तेवढ्या गारठ्यात गाल किंवा बोटं १० ते ३० मिनिटांत गोठू शकतात. आपल्याकडं १० अंशांना शेकोटी पेटते. त्या अंदाजावर इथं कपडे भरू नका.

घाम: खरा धोका

नव्यानं आलेला माणूस थंडीला घाबरून सगळे कपडे एकदम चढवतो आणि चढण सुरू करतो. अर्ध्या तासात अंग घामानं भिजतं. कोलोरॅडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकारीची मुभा असते, त्यामुळं चढण अंधारात, सगळ्यात गार वेळी होते. वर पोचल्यावर तासन् तास हालचाल न करता बसायचं असतं. त्या बसण्यात अंगावरचा ओला कपडा शरीराची ऊब ओढून घेतो. चढणं, भिजणं आणि मग बसणं, या क्रमानं धडधाकट माणूस गारठतो.

कुंडलच्या कुस्तीच्या मैदानाकडं पाहत वाढलेल्या पोरांना घाम गाळणं म्हणजे मर्दुमकी वाटते. इथं घाम न येऊ देणं हे कौशल्य आहे. चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे अंगावर ठेवा. जाड जाकीट पाठीवरच्या पिशवीत असू द्या. घाम फुटतोय असं वाटलं की लगेच थांबा, गळ्याची चेन उघडा, टोपी काढा, वेग कमी करा. बसायच्या जागी पोचलात की आतला कपडा बदला आणि गार व्हायच्या आत जाकीट चढवा.

कपडे कोणते

सुती बनियन, सुती मोजे आणि जीनची पँट घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यांत वर वारा आणि बर्फ अडवणारं कवच, अशी रचना ठेवा. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. माणदेशातले धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागं फिरतात, ते याच गुणावर. पिसांचं जाकीट कोरड्या थंडीत उत्तम, पण भिजलं की बसकं होतं आणि ऊब देत नाही. म्हणून ते बसण्याच्या वेळीच बाहेर काढा.

हातांसाठी पातळ हातमोजा आणि त्यावर चारही बोटं एकत्र राहणारा जाड मोजा घ्या. एकत्र बोटं एकमेकांना ऊब देतात. उघड्या हातानं धातूला हात लावू नका. पायात एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा घालून बूट घ्यायला जा, आणि बोटं आत हलतात ना, ते दुकानातच पाहा. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि सगळ्यात आधी पायाची बोटं जातात. बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर गेटर बांधा. कोरड्या मोज्यांचा जास्तीचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

रायफलच्या मोसमात कोलोरॅडोत शिकाऱ्यानं कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारंगी किंवा गुलाबी रंग घालणं सक्तीचं आहे, शिवाय त्याच रंगाची टोपी. तुम्ही शिकारी नसलात तरी तो रंग घाला. जाकीट चढवलं की नारंगी बंडी त्याच्या आत झाकली जाते. म्हणून ती सैल घ्या आणि नेहमी सगळ्यांत वर घाला.

खाणं, पाणी, सामान

थंडीत तहान कळत नाही, पण शरीर सुकतं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळं बूच मोकळं राहतं. थर्मासमध्ये गरम, गोड चहा न्या. भाकरी गोठून कडक होते. तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचा लाडू हातमोज्यानंही खाता येतात. दर तासाला थोडं खा.

फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. गारठ्यात बॅटरी झपाट्यानं उतरते. ब्यूटेनच्या गॅसची शेगडी शून्याखाली नीट पेटत नाही, तिथं द्रव इंधनाची शेगडी कामाला येते. बंदूक किंवा कॅमेरा उबदार तंबूत आणू नका. त्यावर दव धरतं आणि बाहेर नेताच ते गोठतं. बंदुकीतलं जाड तेलही गोठून यंत्रणा अडकवतं, म्हणून ते पुसून थंडीचं पातळ तेल लावतात.

झोपताना अंगाखालची चटई पांघरुणाइतकीच महत्त्वाची, कारण गोठलेली जमीन खालून ऊब खेचते. आणि एक गोष्ट कधीही करू नका: बंद तंबूत किंवा गाडीत शेगडी, निखारे पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतला माणूस जागा होत नाही.

गारठलेला माणूस ओळखा

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. आधी जोराचं कापरं भरतं. मग बोलणं अडखळतं, हातातून वस्तू पडतात, पाय अडखळतात, माणूस चिडतो किंवा गप्प होतो. कापरं थांबलं आणि माणूस तरीही सुस्त असेल, तर ती सुधारणा समजू नका. ती धोक्याची शेवटची पायरी आहे. त्याला वाऱ्यातून आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, छाती, मान आणि काखा आधी शेका, आणि ९११ ला फोन करा. शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्या. दारू अजिबात नको. तिनं कातडीला ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते.

पांढरी पडलेली, बधिर बोटं चोळू नका, त्यांवर बर्फ घासू नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरा. पण पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत उबवू नका. आधी निवाऱ्याला पोचा.

गाडी, परवाने आणि निरोप

गाडीत टाकी अर्ध्याहून खाली जाऊ देऊ नका. फावडं, घोंगडी, बॅटरी जोडायच्या तारा ठेवा. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका. धूर निघायची नळी बर्फातून मोकळी करा आणि इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा. निघण्याआधी कोलोरॅडोत हिमस्खलन माहिती केंद्राचा, आल्बर्टात अ‍ॅव्हलांच कॅनडाचा अंदाज वाचा. कुठं जाणार आणि कधी परतणार, हे घरी लेखी ठेवा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. इथं ती परवान्यानं, ठरलेल्या मोसमात चालते. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. एच-१बी, एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला ठरलेला अपवाद. "जरा धर" म्हणून मित्रानं हातात बंदूक दिली, तरी आधी वकिलाला विचारलेलं असू द्या. कॅनडात बंदुकीचा स्वतंत्र परवाना लागतो.

एल्क मिळालाच, तर सोलायला उशीर लावू नका. जाड कातड्याखाली मांस थंडीतही आतून गरम राहतं आणि नासतं. हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग आढळतो. राज्याच्या वन्यजीव खात्याकडून तपासणी करून घ्या. रोगाचा दाखला आला तर ते मांस खाऊ नका, कुणाला देऊ नका.

पहिल्या हिवाळ्यात एकट्यानं डोंगर चढू नका. आधी गावाजवळ, अर्ध्या दिवसाच्या चालण्यात कपडे आणि बूट वापरून पाहा. बरोबरचा माणूस "परत फिरू" म्हणाला, की वाद न घालता परत फिरा. सामान घेण्याआधी जवळच्या मराठी घरी फोन करा. जास्तीचे लोकरी मोजे, जाकीट आणि मोकळा सल्ला तिथं हक्कानं मागा.